देग उतरण्याआधीची काळजी

निकाहाच्या दावतीत बिर्याणी कशी झाली, हे आपण चव घेऊन सांगतो. पण ती सुरक्षित आहे का, हे जिभेला कळत नाही. विषबाधा करणारे जंतू पुष्कळदा चव, वास, रंग काहीच बदलत नाहीत. मग रोज हजारो लोकांना जेवू घालणाऱ्या संस्था खात्री कशाच्या जोरावर देतात?

याचे उत्तर अंतराळवीरांच्या जेवणातून मिळाले. 1959 च्या सुमारास अमेरिकेत पिल्सबरी कंपनीने अंतराळात न्यायचे अन्न बनवण्याचे काम हाती घेतले. तिथे पोट बिघडून चालणार नव्हते. कंपनीचे शास्त्रज्ञ हॉवर्ड बाउमन यांच्या लक्षात आले की, तयार अन्न तपासून खात्री करायची तर बहुतेक अन्न तपासणीतच संपेल. म्हणून त्यांनी कच्च्या मालापासून प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवायचे ठरवले. हीच ‘हॅसप’ पद्धत. 1993 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली.

या पद्धतीत सात गोष्टी येतात. धोके ओळखा. ते जिथे रोखता येतील त्या जागा निवडा. तिथली मर्यादा आकड्यात ठरवा. ती मोजत राहा. मर्यादा मोडली तर काय करायचे, हे आधीच ठरवा. सारे नीट चालले आहे का, हे पडताळा आणि नोंद ठेवा.

आम्हा शिक्षकांना हे पटते. वार्षिक परीक्षेत नापास झालेला मुलगा बहुधा पहिल्या सत्रातच मागे पडलेला असतो. निकाल लागल्यावर कळून उपयोग काय?

मात्र कागद म्हणजे काळजी नव्हे. दिवसभराचे तापमान संध्याकाळी एका बैठकीत अंदाजाने लिहिले, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

आपल्या घरच्या दावतीलाही हे लागू आहे. भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात ते वाढू लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, शिजवलेले अन्न 2 तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये. वाढायचे अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम असावे आणि साठवायचे 5 अंशांच्या खाली थंड.

तेव्हा पुढच्या दावतीत बावर्चीला तीन गोष्टी विचारू या: गोश्त शिजेपर्यंत कुठे ठेवले होते, देग किती वाजता उतरली, आणि उरलेली बिर्याणी किती वाजता थंडीत ठेवणार? उत्तरे कागदावर लिहून घेऊ. पाहुण्यांची तब्येत ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.