चोर बीटीची परीक्षा कुणाच्या शेतात?

परीक्षा न देताच कुणी डिग्री विकत असेल, तर आपण त्याला बोगस म्हणतो. मग बियाण्याच्या पाकिटाला सूट का?

यवतमाळ जिल्ह्यात जून जवळ आला, की 'चोर बीटी'ची कुजबुज सुरू होते. तणनाशक फवारलं तरी ही कपाशी मरत नाही, निंदणाची मजुरी वाचते. मोह होणारच! पण तिला सरकारी मान्यता नाही.

मान्यता मिळते कशी? नवा वाण वेगवेगळ्या ठिकाणी, काही हंगाम, जुन्या मान्य वाणाशेजारी लावतात. प्रत्येक वाणाचे छोटे प्लॉट शेतभर विखुरलेले असतात, म्हणजे चांगल्या जमिनीचा फायदा एकालाच मिळत नाही. उत्पादन, धाग्याची लांबी, कीड-रोग सगळं मोजतात. जनुक बदललेलं असेल, तर जैवसुरक्षेच्या चाचण्या वेगळ्या. पहिली बीटी कपाशी अशा चाचण्यांनंतर २००२ मध्ये मान्य झाली. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्याही चाचण्या झाल्या. पण कंपनीने २०१६ मध्ये अर्जच मागे घेतला. निकाल लागलाच नाही.

चोरून आलेल्या पाकिटाला ना पक्कं बिल, ना खात्रीचा लॉट नंबर. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणजे चाचणी टळत नाही. ती तुमच्या बाबांच्या शेतात, त्यांच्याच पैशांवर होते.

यंदा पेरणीला घरी गेलात, तर एवढं करा: पक्कं बिल मागा. पाकीट, टॅग आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा.