पोलीस आणि तुरुंगाचा शिपाई

जांब समर्थ हे जालना जिल्ह्यातले गाव. समर्थ रामदासांचा जन्म इथलाच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राममंदिरातील जुन्या मूर्ती चोरीस गेल्या. सारे गाव हळहळले. त्याच वर्षी पोलिसांनी छडा लावला व संशयितांना पकडले.

पकडलेल्या माणसाचे पुढे काय होते? प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. न्यायाधीशाने तुरुंगात धाडले, की त्याला सांभाळण्याचे काम कारागृह शिपायाचे.

पोलीस शिपाई गस्त घालतो, तपासाला जातो, जत्रेत बंदोबस्त ठेवतो. कारागृह शिपाई भिंतीच्या आत राबतो. कैदी मोजायचे, कोंडायचे, रात्री पहारा द्यायचा. एक माणूस कमी भरला, तर जाब त्यालाच! शिवाय गुन्हा शाबीत होईपर्यंत कैदी हा नुसता आरोपी असतो. त्याला मारायचे नाही, उपाशी ठेवायचे नाही. तारखेला कोर्टात नेण्यासाठी मात्र पोलीस येतात.

मग पगार कोणाला जास्त? पुष्कळ जण म्हणतात, पोलिसाला. तसे नाही. २०२४ च्या भरतीत दोघांची वेतनश्रेणी एकच होती : २१,७०० ते ६९,१०० रुपये. महागाईभत्ता निराळा. शिक्षणाची अटही एकच, बारावी पास.

पोलिसाला गाव ओळखते. तुरुंगातला शिपाई कोणाला दिसत नाही. पण त्याचा डोळा लागला, तर पोलिसाची सारी मेहनत फुकट.

म्हणून तुमच्या घरचे पोर भरतीला निघाले, तर तुरुंगाच्या नोकरीला कमी लेखू नका.