सातबाऱ्याची तपासणी, पण चालू सर्व्हरवर नको

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. अशा नोंदींत रिकामे रकाने किती, दुबार गट क्रमांक किती, क्षेत्राची बेरीज जुळते का, हे शोधणे म्हणजे डेटा प्रोफाइलिंग. ते हवेच. उदाहरणार्थ, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. तिथल्या जुन्या नोंदीत ‘जिल्हा चंद्रपूर’ दिसले तर ती चूक नव्हे, हेही अशा तपासणीतच ध्यानात येते.

अडचण ही तपासणी कधी आणि कोणत्या सर्व्हरवर करायची, याची आहे. एक सातबारा काढताना सर्व्हर इंडेक्सच्या आधारे मोजक्याच ओळी वाचतो. प्रोफाइलिंग मात्र अख्खा तक्ता वाचते. डिस्क त्यात गुंतते, मेमरीत तयार असलेली नेहमीची माहिती बाहेर ढकलली जाते, आणि रकान्यातील वेगवेगळी मूल्ये मोजायला लागणारे सॉर्टिंग तात्पुरती जागा खाते. सर्वांत महाग काम दोन मोठे तक्ते एकमेकांशी जुळवण्याचे. काही प्रणालींत वाचनाच्या लॉकमुळे फेरफाराची नोंदही अडते.

उपाय माहीत आहेत: वेगळी प्रत (रेप्लिका) घेऊन तिथे तपासणे, रात्रीची वेळ, मोजकेच रकाने, आधी नमुना. पण नमुन्यात विरळ चुका निसटतात, म्हणून क्षेत्र आणि खातेदाराचे नाव पूर्ण तपासावे, तेही प्रतीवरच.

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या दुर्गम गावांतून दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्या माणसाला ‘सर्व्हर बंद आहे’ ऐकावे लागू नये. कामाच्या वेळेत मूळ सर्व्हरवर प्रोफाइलिंग करायचे नाही, ही अट तपासणीच्या प्रत्येक कंत्राटात लिहून घ्यावी.