नावातला दगड

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यात मी नुसते 'डी.' असे लिहिले होते. खिडकीपलीकडच्या कारकुनांनी अर्ज परत सरकवला आणि पूर्ण नाव लिहायला सांगितले. मी 'दगडू' असे लिहिले. त्यांनी ते मोठ्याने वाचले. मागे रांग होती, आणि रांगेत हसू फुटले. माझे नाव बरे आहे, आडनावही चारचौघांसारखे आहे. पण मध्ये हा दगड. हजेरीत पूर्ण नाव पुकारले जायचे तेव्हा मधल्या शब्दाला माझी मान आपोआप खाली जाई.

यंदा इंग्रजीच्या तासाला सरांनी जुन्या इंग्रजी भाषेविषयी सांगितले. आजचा 'स्टोन' हा शब्द हजार वर्षांपूर्वी 'स्टान' असा होता. स्टॅनफर्ड म्हणजे दगडांचा उतार, जिथून नदी पायी ओलांडता येते अशी जागा. एवढे ठीक होते. पुढे सर म्हणाले की इ. स. ९२४ ते ९३९ या काळात राज्य केलेल्या ॲथेलस्टन राजाच्या नावातही हाच शब्द आहे, आणि त्या नावाचा अर्थ 'उमदा दगड' असा होतो. सगळ्या इंग्लंडचा पहिला राजा म्हणून इतिहासकार ज्याला मान देतात तो हाच. कँटरबरीचा आर्चबिशप डन्स्टन हाही स्टानच. वर्गात कोणीही हसले नाही. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. मी मात्र उतरवायचे विसरले, कारण माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. तिकडचा दगड राजा होतो, मग इकडचा दगड हसण्यावारी का जातो?

त्या दिवसापासून मी ग्रंथालयात शब्दकोश चाळू लागले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तो जाडजूड ग्रंथ उघडला की एका शब्दासाठी गेलेले माणूस दहा शब्द घेऊन परत येते. तरी आपल्या दगडांची मोजदाद करायला खरे तर कोशाचीही गरज नाही. बांधावर असतो तो दगड, नदीत घासून गुळगुळीत झालेला तो गोटा, तांदळात निघतो तो खडा, विहीर खणताना आडवा येतो तो खडक, घडवून भिंतीत बसवला की तो चिरा, पसरट असली तर शिळा, आणि दोन माणसांना हलेना तो धोंडा. त्याचीच 'धोंड' केली की गळ्यात पडते. आमचे मोताळा घाटाखाली वसलेले आहे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून आले की लागते. घाटात जो काळा दगड उघडा पडला आहे तो कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे, असे भूगोलात शिकलो. अशा मुलखातल्या भाषेत दगडाला इतके शब्द असावेत यात नवल नाही.

आता या शब्दांची कुळे पाहा. 'पाषाण' आणि 'शिला' सरळ संस्कृतातले. 'फत्तर' आणि 'पाथरवट' यांचे मूळ 'प्रस्तर'. गंमत अशी की प्रस्तर म्हणजे मुळात पसरलेली, अंथरलेली वस्तू. गवताच्या अंथरुणालाही प्रस्तर म्हणत. मऊ गवतापासून फत्तरापर्यंत हा शब्द कसा चालत आला असेल! फारसीत दगडाला 'संग' म्हणतात. म्हणून संगमरवर, म्हणून 'संगीन' बांधकाम, आणि तराजूचे पारडे सम करायला टाकतात त्या 'पासंगा'तही तोच दगड आहे. संस्कृत 'अश्मन्' म्हणजे दगड, आणि त्याचाच इराणी भाऊ 'आस्मान' म्हणजे आकाश. प्राचीन लोकांना आकाश हे दगडी घुमट वाटत असावे. कुस्तीत अस्मान दाखवणारे आपले पहिलवान नकळत दगडच दाखवतात म्हणायचे. (आपल्याच जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आकाशातून पडलेल्या दगडाने झाले आहे, ते आठवून मला या शब्दाचे जास्तच कौतुक वाटले.) इंग्रजी 'स्टान'चे नातेही आपल्याकडे पोचते. संस्कृतात 'स्त्यान' म्हणजे गोठलेले, घट्ट झालेले. दोन्हींचा धातू एकच असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जर्मन भाषेत तोच 'श्टाइन' होतो आणि आइन्स्टाईनच्या आडनावात जाऊन बसतो.

म्हणजे दगड नावात घालणारे आपण एकटे नाही. येशू ख्रिस्ताने आपल्या सायमन नावाच्या शिष्याला 'कैफा' म्हटले, म्हणजे दगड. त्याचे ग्रीक रूप 'पेत्रोस', आणि पुढे पीटर. (पेट्रोल म्हणजे खडकातले तेल, त्यातही हाच 'पेत्र'.) पण नीट पाहिले तर या सगळ्या नावांत दगडाचा अभिमान आहे. पक्का, उमदा, ज्याच्यावर इमारत उभी करावी असा दगड. आमचा दगडू त्या जातीचा नाही. आमच्याकडे दगडाच्या जोडीला कोणती नावे आहेत? केरू, कचरू, भिकाजी, उकिर्डा. केर, कचरा, भीक, उकिरडा. उत्तरेकडे घुरहू आहे, तेही उकिरड्यावरूनच. तेलंगणात पेंटय्या आहे, म्हणजे शेणकेराच्या ढिगाचा. ही सगळी टाकाऊ वस्तूंची नावे. कोणता बाप आपल्या लेकराला असे नाव देईल?

हे कोशात सापडत नव्हते. मग एका रविवारी मी आजीलाच विचारले. ती ओसरीवर तूर निवडत होती.

"आजी, बाबाचं नाव दगडू काहून ठेवलं वं?"

तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. म्हणाली, "तुह्या बापाच्या आंधी दोन लेकरं झाले मले. पयल्याचं नाव राजा ठेवलं, दुसऱ्याचं हिरा. दोनी गेले. मंग तिसऱ्याले म्हनलं, हा दगड हाय. दगडाले कोन नेते?"

मग तिने पुढचेही सांगितले. बाबा जन्मले तेव्हा त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवले. ठरल्याप्रमाणे शेजारणीने उचलले. आजीने तिला पसाभर ज्वारी देऊन ते मूल विकत घेतले. आपले नाही, विकतचे आहे. सोने नाही, दगड आहे. असे मृत्यूला सांगून त्याची नजर चुकवायची. मला इतके दिवस वाटत होते की आमच्या लोकांना चांगली नावे सुचत नसत. चांगली नावे त्यांनी आधी ठेवून पाहिली होती.

हे कळल्यावर मी इतर नावांकडेही पाहू लागले. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे हेही धोंडोपंत. पुण्याचा जो प्रसिद्ध गणपती आहे त्याला देवाचे नव्हे, दगडूशेठ हलवायांचे नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढलेल्या दगडाबाई शेळके तर आपल्या शेजारच्या जालना भागातल्याच. यांच्या प्रत्येकाच्या घरी आमच्यासारखेच घडले होते असे मी म्हणणार नाही. आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल आहेच, आणि धोंडोबा म्हणून शेंदूर लावलेल्या दगडाला नवस बोलून झालेली मुलेही असतात. (धुंडिराज हे नाव मात्र या कुळातले नव्हे, ते गणपतीचे आहे. दादासाहेब फाळके यांना धोंड्यांत मोजू नये.)

एक नाव मात्र मी या यादीतून काढून ठेवले आहे. 'नकुशी'. ते ऐकायला दगडूसारखेच वाटते, पण त्याच्या पोटात माया नाही. दगडू म्हणजे 'हा आम्हाला हवा आहे म्हणून नको म्हणतो'. नकुशी म्हणजे खरोखरच नको. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक नकुशींची नावे समारंभाने बदलली गेली, ते योग्यच झाले. माझ्या एका मैत्रिणीने मला सुचवले होते की तूही राजपत्रातून वडिलांचे नाव बदलून घे. ती भल्यासाठीच म्हणाली. पण बदलून काय ठेवायचे? राजा?

आपल्या पंचांगातही असाच एक दगड आहे. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो, त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. शुभकार्याला निषिद्ध म्हणून तो मलमास. पण कथेप्रमाणे विष्णूने त्याला आपले नाव दिले आणि तो पुरुषोत्तम मास झाला. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. आजी ते करते. धोंडे ताटात वाढताना ती बाबांना एक जास्तीचा वाढते. जावई बाजूलाच बसलेले असतात, तरी.

बाबांना मी हे सगळे सांगितले. ॲथेलस्टनचेही सांगितले. ते पऱ्हाटीला खत टाकून आले होते. म्हणाले, "मले ठाऊक हाय माह्या नावाचं," आणि हात धुवायला गेले. त्या दोन भावांविषयी ते पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

सध्या मी मोताळा व जवळपासच्या गावांतली अशी नावे वहीत लिहून घेते आहे. आतापर्यंत सात दगडू, चार धोंडू, तीन केरू आणि एक उकिर्डा झाले आहेत. त्यांपैकी नऊ जणांच्या नावामागची हकीकत घरच्या म्हाताऱ्या बायकांकडून मिळाली; बाकीच्यांच्या घरी सांगणारे कोणी उरलेले नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे नाव असेल तर त्यांनी मला जरूर सांगावे. मी दुपारच्या सुटीत बहुधा ग्रंथालयात, कोशांच्या कपाटाजवळ असते.