झणझणीत जेवणानंतरची तंबाखू

अंधेरीतल्या एखाद्या मालवणी खानावळीतून कोंबडी-वडे खाऊन निघालेली माणसे पानपट्टीकडे वळतात. कोणी पान घेतो, कोणी तळहातावर तंबाखू-चुना मळतो. पाइपचा शौकीन तिखटानंतर कडक तंबाखू पसंत करतो. सौम्य तंबाखू त्याला मिळमिळीत लागते. पण तिखटानंतर तंबाखू बरी का वाटते?

मिरची आणि तंबाखू या दोन्ही वांग्या-बटाट्याच्या कुलातल्या, मूळच्या अमेरिका खंडातल्या. तिखट ही खरे तर चव नव्हे. मिरचीतले कॅप्सायसिन जिभेतील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटते आणि मेंदूला चटका बसल्याचा संदेश जातो. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात ज्युलियस यांचा वाटा होता. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून जिभेची आग दह्या-दुधाने शमते, तंबाखूने नव्हे. तंबाखूने भागते ती निकोटीनची तलफ.

आता चुन्याकडे वळू. निकोटीन हे आम्लारी आहे. सामू ६ असताना त्याच्या १०० पैकी सुमारे ९९ रेणूंवर धनप्रभार असतो आणि असे रेणू तोंडाच्या अस्तरातून सहज आत शिरत नाहीत. सामू ८ झाला की जवळपास निम्मे रेणू प्रभारमुक्त होतात, ९ झाला की सुमारे ९० टक्के. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू १२ हून अधिक असतो. म्हणजे चिमूटभर चुना निकोटीनला रक्ताची वाट मोकळी करून देतो, शिवाय अस्तरही भाजतो.

पाइपच्या तंबाखूचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा साधारणपणे अधिक अल्कधर्मी असतो. त्यामुळे तो छातीत न ओढताही निकोटीन तोंडातूनच शोषले जाते. ‘धूर आत घेत नाही, मग कसला धोका?’ हा समज म्हणूनच खोटा. तोंडाचा कर्करोग चुना-तंबाखूने होतो, तसाच पाइपनेही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. त्याला तंबाखू लागत नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. पिवळा रंग लालसर होईल. त्यावर लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळा होईल. मग विद्यार्थ्यांना विचारा: तंबाखूत चुन्याऐवजी लिंबाचा रस मिसळला, तर तिची किक वाढेल की कमी होईल? आणि का?