शस्त्रक्रियेपूर्वीं हृदयाची परीक्षा

कुटुंबांतील एखाद्या वडील माणसावर मोठी शस्त्रक्रिया करावयाचें ठरलें, म्हणजे घरच्या मंडळींचें सारें लक्ष त्या दुखऱ्या अवयवाकडेच लागतें. माझ्या थोरल्या बहिणीचा गुडघा बदलावयाचा होता, तेव्हां आमचीहि तीच गत झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीं विचारलें, "आजी, दोन जिने न थांबतां चढतां कां?" ताईनें तोंड उघडण्यापूर्वींच तिचा मुलगा, सून आणि मी एकदम बोललों, "गुडघ्यामुळें चढवत नाहीं; बाकी प्रकृति ठणठणीत आहे." डॉक्टर ताईकडेच पाहत राहिले. मग ती हळूच म्हणाली, "दम आधीं लागतो, गुडघा मागाहून दुखतो. म्हणून तर देव माडीवरून खालीं आणले." देव खालीं येऊन वर्ष लोटलें होतें, आणि त्याचा सारा दोष आम्ही गुडघ्याच्या माथीं मारून मोकळे झालों होतों!

जिन्याचा हा प्रश्न वरवरचा नाहीं. स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी शक्ति लागते, तिच्या सुमारें चौपट शक्ति दोन जिने चढण्यास लागते. मोठ्या शस्त्रक्रियेंत रक्तस्राव, वेदना, रक्तदाबाचे चढउतार आणि रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ति या सर्वांचा भार हृदयावर पडतो. टांके घातले म्हणजे तो भार उतरला, असेंहि नाहीं. हृदयाला इजा होते ती बहुधा पुढच्या दोन-तीन दिवसांत, आणि वेदनाशामक औषधांच्या अमलामुळें पुष्कळदां छातींत दुखतहि नाहीं. नातेवाईक पेढे वाटतात, तेव्हां हृदयाची परीक्षा निम्मीच झालेली असते.

हा धोका मोजण्याचा एक नांवाजलेला प्रयत्न अमेरिकेंतील ली गोल्डमन व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केला. हृदयाव्यतिरिक्त अन्य शस्त्रक्रिया झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या १००१ रुग्णांचा अभ्यास करून त्यांनीं नऊ लक्षणांना गुण दिले. गुणांची भाषा आम्हां शिक्षकांना परिचयाची. मात्र येथें अधिक गुण म्हणजे अधिक भय! हृदय थकल्याच्या चिन्हांना ११ गुण, गेल्या सहा महिन्यांत येऊन गेलेल्या हृदयविकाराच्या झटक्याला १०, आणि सत्तरीपुढील वयाला अवघे ५. दम लागला कीं "वय झालें, चालावयाचेंच" म्हणणाऱ्यांनीं हे आंकडे अवश्य पाहावे. पुढें १९९९ सालीं टॉमस ली व सहकाऱ्यांनीं ही यादी सहांवर आणली: मोठ्या जोखमीची शस्त्रक्रिया, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा विकार, हृदयाची दुर्बलता, पूर्वींचा मेंदूचा झटका, इन्सुलिन घ्यावें लागणारा मधुमेह, आणि रक्तांतील क्रिएटिनिन दर डेसिलिटरला २ मिलिग्रॅमहून अधिक असणें. यांत वयाला स्वतंत्र स्थानच नाहीं.

परंतु यादी कितीहि चांगली असली, तरी तींत भरावयाची माहिती घरच्या माणसांकडून यावयाची. २०१८ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत १४०१ रुग्णांचा एक अभ्यास आला. केवळ बोलण्यावरून केलेला डॉक्टरांचा अंदाज दुर्बल रुग्ण ओळखण्यांत बहुतेक वेळां चुकला. रोजच्या कामांविषयींची साधी प्रश्नावली अधिक उपयोगी ठरली. डॉक्टरांचें असें होतें, मग रुग्णाला मागें सारून उत्तरें देणाऱ्या आमच्यासारख्यांचें काय सांगावें? कित्येक घरांत तर ठरलेली तारीख पुढें जाऊं नये म्हणून छातींतील जुनी कळ मुद्दाम लपवितात. हा शहाणपणा नव्हे.

ताईच्या हृदयाची ध्वनिलहरींनीं तपासणी झाली. महारोहिणीच्या मुखाशीं असलेली झडप फार अरुंद झाली होती; हा दोष गोल्डमनच्या यादींतहि आहे. भुलीनें रक्तदाब एकाएकीं उतरला, तर असें हृदय ती तूट भरून काढूं शकत नाहीं, असें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें. रजा काढून आलेली मंडळी थोडी कुरकुरली. पण आधीं झडप बदलली, आणि गुडघ्याची पाळी पांच महिन्यांनीं आली. आतां ताई माडीवर जाते. देव मात्र खालींच ठेवले आहेत. सुनेला तेथेंच सोयीचें पडतें.