मऊ सीट म्हणजे आरामाची सीट नव्हे

नागपूरच्या जरीपटक्यात एका सीटवाल्याकडे हिमालयन मोटरसायकलची सीट उसवून पडली होती. मालक नुकताच पचमढीहून परतलेला. शंभर किलोमीटरनंतर बसवत नाही, म्हणून त्याला आणखी मऊ फोम हवा होता.

कारागिराने नकार दिला, आणि ते अगदी योग्य होतं. मऊ फोम हळूहळू दबत जातो आणि सगळं वजन बसायच्या दोन हाडांवर येतं. लांबच्या प्रवासाला टणक, दाट फोम आणि मागे रुंद बैठक हवी. त्याने अंगठ्याने मऊ आणि टणक फोमचे तुकडे दाबून दाखवले: पहिला थेट खालच्या फळीला टेकला, दुसरा अर्ध्यावर थांबला.

 

सीट सुधारूनही मनगटं दुखत असतील तर हँडल उंच करणारा रायझर लावता येतो. मात्र हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर केबल ताणली जात नाही ना, हे आधी पाहावं. सामान लादलं की मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण (प्रीलोड) वाढवावा.

प्रवासाला निघताना टायरची हवाही सकाळी, गाडी थंड असतानाच तपासावी. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या टायरचा आकडा फसवतो.

सीटबद्दल प्रश्न असतील तर गाडी आणि स्वतःची उंची लिहून जरूर विचारा.